घरादाराचा ईसीजी

काही फाइली माझ्याकडे पेशंटशिवाय येतात. जिल्ह्याच्या गावी हृदयरोगतज्ज्ञ म्हणून काम करताना रोजचा पेशंट पन्नाशी-साठीतला असतो, शुगर-बीपीवाला, छातीत दुखतं म्हणून आलेला. पण अधूनमधून एखादं अख्खं कुटुंब येतं. आई-वडील, एखादी बहीण, सोबत काका किंवा मामा. बसल्यावर फाइल टेबलावर ठेवतात. तिच्यावरचं नाव सोळा-सतरा वर्षांच्या मुलाचं असतं आणि तो मुलगा गेलेला असतो. ‘आम्हाला काही होत नाही, मॅडम. आमच्या पोराला काय झालं होतं एवढं सांगा,’ असं ते म्हणतात.

मला त्यांना दोन गोष्टी सांगायच्या असतात. मुलाला काय झालं होतं, ही पहिली. तेच घरात आणखी कुणाला आहे का हे लगेच बघायला हवं, ही दुसरी. पहिली ऐकायला ते आलेले असतात. दुसरी ऐकण्याची ताकद त्या घडीला त्यांच्यात नसते. तरी ती सांगावीच लागते, कारण अशा वारशाच्या आजारात गेलेल्या मुलाची आठवण हाच घरातल्या उरलेल्या मुलांच्या तपासणीचा पहिला कागद असतो.

अशाच एका कुटुंबाबद्दल त्यांच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असा तपशील देत नाही. ऊसपट्ट्यातलं गाव, थोडी बागायत, दारात म्हशी. मुलगा सतरा वर्षांचा, बारावीत, आणि धाकटी मुलगी आठवीत. मुलगा पोलीस भरतीची तयारी करत होता. आमच्याकडे भरतीची तयारी एकटं पोर करत नाही, सगळं घर करतं. रात्री हरभरे भिजत घालायचे, पहाटे अंधारात उठवायचं, दूध तापवून द्यायचं आणि आज १६०० मीटरला किती वेळ लागला ते न्याहारीच्या वेळी सगळ्यांनी ऐकायचं.

अशा वेळी मी रिपोर्ट लगेच उघडत नाही. आधी म्हणते, ‘तो कसा होता ते सांगा.’ मग दहाव्या-तेराव्याला आलेल्या प्रत्येकाला जे सांगितलेलं असतं तेच घरचे पुन्हा सांगतात आणि ते मी पूर्ण ऐकते. हा मुलगा अबोल होता. बहिणीच्या सायकलची चेन पडली की तोच बसवायचा. म्हशीची धार काढताना मोबाइलवर कॉमेंट्री लावून ठेवायचा. गणपतीत ढोल गळ्यात अडकवला की कुणाला ऐकायचा नाही. इथे आई थांबली आणि म्हणाली, ‘पण ढोल मध्येच उतरवून ठेवायचा, मॅडम. जरा वेळ कट्ट्यावर बसायचा. म्हणायचा, छातीत लई धडधडतंय.’

नुसती आठवण आणि आजाराचा इतिहास यांतलं अंतर अशाच एखाद्या वाक्यात संपतं. त्यानंतर मी एकेक प्रश्न विचारत गेले आणि घरचे आठवत गेले. नववीत शाळेच्या स्पर्धेत ४०० मीटर पळून थांबला आणि तिथेच कोसळला होता. उपाशीपोटी पळाला असेल म्हणून पाणी-बिस्किटं दिली, थोड्या वेळात उठून बसला. पुढच्या वर्षी दावं तोडून पळालेल्या रेडकामागे धावताना बांधावर पडला. एका डॉक्टरांनी रक्त कमी म्हणून गोळ्या दिल्या. दुसरीकडे मिरगीची शंका घेऊन मेंदूचा आलेख काढला, तो नॉर्मल आला. हृदयाचा आलेख, म्हणजे साधा ईसीजी, कुणी काढला नाही. अंगापिंडाने भरलेल्या, रोज पळणाऱ्या पोराच्या छातीवर ईसीजीच्या तारा लावाव्यात असं सहसा कुणाच्या मनातच येत नाही.

म्हणून हा फरक प्रत्येक आई-बापाला, प्रत्येक शिक्षकाला माहीत असावा असं मला मनापासून वाटतं. प्रार्थनेला उन्हात ताटकळत उभं राहून चक्कर येणं वेगळं. आधी डोळ्यांपुढे अंधारी येते, घाम फुटतो, मूल हळूहळू खाली बसतं. हे बहुतेक वेळा निरुपद्रवी असतं. पळता पळता किंवा पळून थांबल्याबरोबर, काही कळायच्या आत कोसळणं ही वेगळी गोष्ट. असं एकदा जरी झालं तरी हृदय तपासल्याशिवाय त्या मुलाला पुन्हा मैदानात उतरवू नये.

शेवटची सकाळ काकांनी सांगितली. वडिलांना ती सांगता येत नव्हती. शेवटची फेरी संपवून मुलगा गुडघ्यांवर हात टेकून उभा राहिला आणि तोंडावर पडला. हातपाय झटकले, घोरल्यासारखा आवाज आला. सोबतच्या मुलांना वाटलं, फिट आली. कुणी कांदा आणायला पळालं, कुणी मुठीत किल्ल्या दिल्या, कुणी तोंडावर पाणी मारलं. मग कुणाची तरी जीप मिळाली. दवाखान्यात पोचेपर्यंत काही उरलं नव्हतं.

हृदय अचानक थांबतं तेव्हा पहिल्या क्षणांत हातपाय झटकले जाऊ शकतात, आणि घोरल्यासारखे तुटक आचके लागतात. तो श्वास नसतो. माणूस हाकेला ओ देत नाही आणि नीट श्वास घेत नाही, एवढं दिसलं की छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरात आणि भराभर दाबायला लागायचं, मिनिटाला १०० ते १२० वेळा, मोठ्या माणसाची छाती निदान ५ सेंटिमीटर खाली जाईल इतकं. कुणीतरी १०८ला फोन लावायचा आणि गाडी येईपर्यंत हात थांबवायचे नाहीत. शॉक देणारं यंत्र जवळ असेल तर ते लगेच लावायचं. काहीच न करता गेलेल्या प्रत्येक मिनिटाला जगण्याची शक्यता साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते. १२ जून २०२१ला कोपनहेगनमध्ये डेन्मार्कचा ख्रिश्चन एरिक्सन ऐन सामन्यात कोसळला. मैदानावरच छाती दाबली, शॉक दिला, म्हणून तो वाचला आणि पुढच्या वर्षी पुन्हा खेळू लागला. आमच्या मैदानावरची ती मुलं जिवाच्या आकांताने धावली. त्यांना जे माहीत होतं ते त्यांनी केलं. छाती दाबायला त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं, आणि ती जबाबदारी त्यांची नव्हती.

पोलिसांनी अकस्मात मृत्यूची नोंद केली. घरच्यांना पोराची चिरफाड नको होती. काकांनी समजूत घातली. पोस्टमॉर्टेम करणाऱ्या डॉक्टरांनी हृदय जपून पुढच्या तपासणीला पाठवलं. त्याचा रिपोर्ट यायला काही महिने गेले आणि तोच त्या फाइलमध्ये होता. एरवी साधारण ३०० ग्रॅमच्या आसपास भरावं ते हृदय ४८० ग्रॅम भरलं होतं. खालच्या दोन कप्प्यांमधला पडदा एक सेंटिमीटरच्या आसपास असायचा, तो २७ मिलिमीटर जाड होता. सूक्ष्मदर्शकाखाली स्नायूंच्या पेशी कडब्याच्या विस्कटलेल्या पेंढीसारख्या कशाही पसरलेल्या होत्या. त्या काकांचे आणि त्या डॉक्टरांचे मी मनोमन आभार मानले. हा रिपोर्ट नसता तर ‘हार्ट अटॅक’ एवढ्याच शब्दावर सगळं मिटलं असतं.

हा हार्ट अटॅक नव्हता. हार्ट अटॅकमध्ये हृदयाला रक्त पुरवणारी नळी तुंबते. या मुलाच्या नळ्या स्वच्छ होत्या. त्याचा आजार हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी, म्हणजे रक्तदाबासारखं काही कारण नसताना हृदयाचा स्नायू जाड होत जाणं. अशा स्नायूत विजेचा प्रवाह भरकटतो, ठोके बेताल होतात आणि हृदय रक्त ढकलायचं थांबतं. डोनाल्ड टिअर या लंडनच्या शवविच्छेदनतज्ज्ञाने १९५८ साली तरुणपणी अचानक मेलेल्यांच्या हृदयांचा अभ्यास मांडला, तेव्हापासून या आजाराची आधुनिक ओळख सुरू झाली. म्हणजे त्याची ओळखच शवागारातून झाली. पुढे १९९०च्या सुमारास त्यामागचं पहिलं जनुक सापडलं. आज साधारण दर ५०० माणसांत एकाला तो असतो असं मानतात. त्यातले बहुतेक जण पूर्ण आयुष्य जगतात, काहींना तर तो आहे हे कधी कळतही नाही. आई-वडिलांपैकी एकाकडे दोष असलेलं जनुक असेल तर प्रत्येक मुलाकडे ते जाण्याची शक्यता निम्मी असते. म्हणून मुलगा गेला तरी त्याची फाइल बंद होत नाही.

मी कोरा कागद घेतला आणि वंशावळ काढू लागले. पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ, गेलेल्याला आडवी तिरपी रेघ. ‘घरात कुणी तरुणपणी अचानक गेलंय का?’ वडील म्हणाले, नाही. काका म्हणाले, नाही. कोपऱ्यात पदर तोंडाला लावून बसलेल्या आजी इतका वेळ गप्प होत्या. त्या म्हणाल्या, ‘माझा धाकला भाऊ गेला की. तालमीत शड्डू ठोकून हुबा ऱ्हायला आणि खाली बसला, त्यो उठलाच न्हाई. अजून मिशी फुटायची व्हती. लोक म्हनली, कुनीतरी करनी केली.’

साठ वर्षं ती गोष्ट घरात होती, पण करणी म्हणून होती. आजारपणाचा इतिहास विचारला की लोक शुगर, बीपी, टीबी सांगतात. विहिरीत बुडालेला पोहणारा मामा, तालमीत बसल्या जागी गेलेला पैलवान, रात्री झोपेत गेलेली चुलती, हे कुणी सांगत नाही, कारण यांना आजार होता असं कुणी कधी मानलेलंच नसतं. त्यामुळे हल्ली मी आजाराबद्दल विचारायच्या आधी अचानक गेलेल्या माणसांबद्दल विचारते आणि उत्तरासाठी घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाकडे बघते.

वडिलांना टेबलावर घेतलं. बीपी नॉर्मल, तक्रार कसलीच नाही, दिवसभर शेतात राबणारा गडी. छातीवर स्टेथोस्कोप ठेवल्यावर एक बारीक फुसफुस ऐकू आली. त्यांना उकिडवं बसायला सांगितलं, ती मंदावली. ‘आता पटकन उभे राहा,’ म्हटलं आणि ती ठळक झाली. उभं राहिल्यावर वाढणारा असा आवाज या आजाराची शंका घ्यायला भाग पाडतो. मग डाव्या कुशीवर झोपवून, जेल लावून इकोचा प्रोब ठेवला. पडद्यावर ठोके दिसू लागले आणि दोन कप्प्यांमधली भिंत इतकी जाड होती की मोजायच्या आधीच मला कळलं. १८ मिलिमीटर. नंतर आजींचाही इको केला. पंचाहत्तरी ओलांडलेल्या त्या बाईच्या हृदयातही तोच जाडपणा होता, थोडा कमी. त्यांना आयुष्यात एकदाही चक्कर आलेली नव्हती.

शर्टची बटणं लावता लावता वडिलांनी विचारलं, ‘म्हणजे माझ्याकडनंच गेलं का त्याच्यात?’

या प्रश्नाला वळसा घालून उत्तर देता येत नाही. मी म्हटलं, ‘हो, दादा. तुमच्याकडून गेलं. तुमच्याकडे आजींकडून आलं, त्यांच्याकडे त्यांच्या आई-वडिलांकडून आलं असणार. डोळ्यांचा रंग जसा कुणी निवडून देत नाही, तसं हेही कुणी दिलेलं नाही.’ ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘मला व्हायचं ते पोराला झालं.’ यावर देण्यासारखं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मी खुर्ची त्यांच्याजवळ ओढून बसून राहिले. तेच जनुक आजीला पंचाहत्तरीपर्यंत सुखरूप ठेवतं आणि नातवाला सतराव्या वर्षी नेतं, याचं पूर्ण कारण वैद्यकशास्त्राला अजून सापडलेलं नाही, हेही त्यांना तसंच सांगितलं.

आईचं दुःख वेगळ्या जागी अडकलं होतं. ‘त्या दिवशी उठत नव्हता. मीच पांघरूण ओढलं.’ अशा वाक्यांना ‘असं मनात आणू नका’ म्हणून भागत नाही, कारण ते मनात येतच राहतं. मी त्यांना आजाराची वाट समजावून सांगितली. ही जाडी एका सकाळी आली नव्हती, वाढत्या वयात वाढत गेली होती. त्या दिवशी तो झोपून राहिला असता तरी धोका त्याच्यासोबतच होता, ढोल वाजवताना होता, कॉलेजला सायकलवरून जाताना होता. त्यांनी ते तीनदा ऐकलं. तिसऱ्यांदा ऐकताना त्या रडल्या.

बहिणीचा ईसीजी आणि इको दोन्ही चांगले आले. पण हा आजार वाढीच्या वयात उगवू शकतो, त्यामुळे एका नॉर्मल रिपोर्टवर तिची सुटका नाही. वयात येत असताना दर वर्ष-दोन वर्षांनी आणि पुढे काही वर्षांनी एकदा, अशी तपासणी चालू ठेवावी लागते. रक्तातून जनुकाची चाचणीही होते. घरातल्या आजारी माणसात नेमका दोष सापडला तर बाकीच्यांमध्ये तेवढाच शोधता येतो आणि तो नसलेल्यांना दरवर्षीच्या धास्तीतून मोकळं करता येतं.

त्यानंतरचं पाऊल त्या आईनेच उचललं. वर्षश्राद्धाला भावकी आणि लेकीबाळी जमणार होत्या. तिने फोन करून विचारलं, ‘मशीन घेऊन माणूस पाठवाल का? नाहीतर एवढी माणसं दवाखान्यात येणार कधी?’ आमचा टेक्निशियन छोटं ईसीजी मशीन घेऊन गेला. मीही गेले. बाहेर पंगत बसली होती आणि आतल्या खोलीत खाटेवर एकेक जण शर्ट काढून झोपत होता. काही म्हातारे नको म्हणाले, एक-दोघांनी अशा दिवशी हे कशाला, असंही म्हटलं. ती आई दाराशी यादी घेऊन उभी होती. ज्याचा झाला नाही त्याला नाव घेऊन हाक मारत होती.

आत्याच्या मुलाच्या पट्टीवर माझी नजर थांबली. पंधरा वर्षांचा, तालुक्याच्या संघातला कबड्डीपटू. जिथे लाटा वर असायच्या तिथे त्या खोल उलट्या गेल्या होत्या. दवाखान्यात इको केला, पडदा २२ मिलिमीटर. त्याला गोळ्या सुरू केल्या, कबड्डीच्या स्पर्धा थांबवल्या. पुढच्या तपासण्यांत धोका जास्त दिसला म्हणून पुण्याच्या तज्ज्ञांच्या सल्ल्याने त्याच्या कातडीखाली आयसीडी बसवलं. ठोके बेताल झाले तर हे यंत्र आतून शॉक देतं. त्या मुलाचा माझ्यावर अजून राग आहे. ‘मला काहीच होत नव्हतं,’ असं प्रत्येक वेळी म्हणतो. समोर बसून रागावलेला मुलगा मला चालतो.

सगळी घरं अशी स्पष्ट उत्तरं देत नाहीत. काहींच्या मुलाचं हृदय पोस्टमॉर्टेममध्ये अगदी नॉर्मल निघतं, कारण दोष रचनेत नसतो, पेशींतल्या विजेत असतो. लाँग क्यूटी सिंड्रोम हा त्यातला एक. त्याच्या एका प्रकारात पोहताना, दुसऱ्यात गजराच्या किंवा फोनच्या अचानक आवाजाने, तिसऱ्यात झोपेत ठोके बिघडतात. तिथे गेलेल्या मुलाचा जुना ईसीजी आणि आई-वडील, भावंडांचे ईसीजी हाच मोठा पुरावा असतो. उत्तम पोहणारं पोर शांत पाण्यात बुडालं तर ‘पेटका आला असेल’ म्हणून विषय संपवू नये, असं मी त्यामुळे आग्रहाने सांगते.

सगळ्याच मुलांचा ईसीजी काढावा का, यावर जगभर वाद आहे. इटलीने १९८२पासून स्पर्धेत उतरणाऱ्या खेळाडूंची ईसीजीसह तपासणी सक्तीची केली. तिथल्या व्हेनेटो भागात अशा खेळाडूंचे अचानक मृत्यू पुढच्या वीस-बावीस वर्षांत जवळजवळ ९० टक्क्यांनी घटल्याचं २००६ साली प्रसिद्ध झालं. अमेरिकेत देशभर अशी सक्ती नाही. तिथे प्रश्नावली आणि शारीरिक तपासणीवर भर आहे, कारण ईसीजीमुळे धडधाकट मुलांवरही विनाकारण शंका येते, हा त्यांचा मुद्दा खोटा नाही. आपल्याकडे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली पालघरमधूनच सुरू झाला आणि त्याची पथकं शाळा-अंगणवाड्यांत जाऊन १८ वर्षांपर्यंतच्या मुलांमध्ये जन्मजात आणि संधिवाताचे हृदयविकार शोधतात. हे काम मोठं आहे. पण स्टेथोस्कोपला ऐकू न येणारे हे वारशाचे आजार त्यातून निसटू शकतात. शिवाय भारतीय उपखंडात सुमारे ४ टक्के लोकांत हृदयाच्या स्नायूतल्या एका प्रथिनाच्या जनुकाचा छोटा तुकडा गळालेला असतो आणि त्यामुळे, बहुधा उतारवयात, स्नायूच्या आजाराचा धोका वाढतो, असं २००९ साली हैदराबादच्या सेंटर फॉर सेल्युलर अँड मॉलिक्युलर बायोलॉजीच्या संशोधकांनी सहकाऱ्यांसह दाखवलं. त्यातल्या बहुतेकांना काही होत नाही. तरी हा विषय परक्या देशातला आहे असं आपल्याला म्हणता येणार नाही.

माझं मत या कामातून तयार झालं आहे. भरतीच्या अकॅडमीत किंवा क्रीडा प्रबोधिनीत नाव घालताना दाखला आणि फी घेतात, तशी चार प्रश्नांची उत्तरंही घ्यावीत. पळताना किंवा पळून थांबताना कधी शुद्ध हरपली आहे का? मेहनत करताना छातीत दुखतं, धडधडतं किंवा बरोबरीच्या मुलांपेक्षा जास्त दम लागतो का? घरात कुणी चाळिशीच्या आत अचानक गेलं आहे का? कुणाला हृदयाच्या स्नायूचा किंवा ठोक्यांचा आजार आहे का? एकाही उत्तरात ‘हो’ आलं तर ईसीजी आणि इको झाल्यावरच मैदान. आणि प्रत्येक मैदानावर छाती दाबायला शिकलेली चार पोरं हवीत. याला मोठा पैसा लागत नाही, कुणीतरी मागे लागावं लागतं.

ती आई आता मागे लागते. मुलगा जिथे पळायचा त्या मैदानावर नवीन पोरांच्या आई-वडिलांना ती स्वतः गाठते आणि हेच प्रश्न विचारते. काही जण कंटाळतात, काही अपशकुन मानतात. तिने पाठवलेली मुलं माझ्याकडे येतात, बहुतेकांचं सगळं ठीक निघतं आणि ती तशी परत जातात. तिला त्याचं समाधान वाटतं.

हे वाचणाऱ्यांच्याही घरात एखादा तरुण भाऊ, आत्या, मामा असा अचानक गेला असेल. त्याचा फोटो भिंतीवर असेल, त्याची पुण्यतिथी पाळत असाल. यंदा त्या दिवशी सगळे एकत्र बसाल तेव्हा तो कसा गेला हे घरातल्या मोठ्यांना पुन्हा नीट विचारा आणि लिहून ठेवा. तो कागद घेऊन, घरातल्या मुलाबाळांना घेऊन जवळच्या डॉक्टरांकडे जा आणि सगळ्यांचा ईसीजी काढून मागा.